हँडलिंगचे अठराशे

काल नवी स्कूटर घरी आणली. पेढे वाटले, पण तोंड अजून कडूच आहे. बिलाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, 'हँडलिंग : १८००'.

"हे काय?" मी शोरूममधल्या पोराला विचारलं.

"हँडलिंग, सर."

"ते वाचलं. म्हणजे काय?"

"प्रोसेस असते, सर."

शेजारी पुतण्याच्या मोटारसायकलसाठी आलेले एक काका सुपारी चघळत होते. म्हणाले, "अहो, हँडल बसवायचे पैसे ते."

मी हसलो. काका हसले नाहीत.

"आमच्या वेळी सायकल अशीच खोक्यातून सुटी यायची." मग त्या पोराकडे वळून, "आम्हाला बिनहँडलची दे. पुतण्या बसवील घरी. आयटीआय झालाय."

"तसं नाही काका, हँडल कंपनीच बसवून पाठवते."

"मग तू कशाचे घेतोस?"

पोरगं काचेच्या केबिनकडे बघायला लागलं. केबिनमधला मॅनेजर फोनकडे.

मी मात्र अभ्यास करून गेलो होतो. म्हटलं, "१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १३८ वा नियम बघ. दुचाकीबरोबर हेल्मेट कंपनीनं द्यायचं असतं."

"ती स्कीम संपली, सर."

नियम म्हणजे काय दिवाळी ऑफर आहे? आणि मीच म्हटलं, नंबरप्लेट मागाहून लावू, तर लगेच, "नाही सर, कायदा आहे." आहेच. प्लेट लागल्याशिवाय नवी गाडी ताब्यात देता येत नाही. हा कायदा पाठ! विमा गिऱ्हाइकाला हवा तिथून काढता येतो, एवढंच नेमकं आठवत नाही. बाहेरचा विमा म्हटलं की डिलिव्हरी आठ दिवस पुढे. आरटीओनं दिलेलं ट्रेड सर्टिफिकेट, म्हणजे डीलरचा परवाना, भिंतीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगलं होतं. हार गणपतीला, धूळ सर्टिफिकेटला. ते देणारा साहेब एकदा तरी गिऱ्हाईक बनून या खुर्चीत बसला असेल का? बसला तरी त्याला हँडलिंग लावतंय कोण!

मुहूर्त टळत होता, बायको नारळ घेऊन उभी होती. भरले अठराशे. पावती साध्या कागदावर, शिक्का नाही. वर पुठ्ठ्याची हातभर किल्ली धरून फोटो. त्यात मी हसतोय.

पाठीमागून काकांचा आवाज आला, "चौदाचा पाना आहे का रे? नसला तर पक्कड दे."

मॅनेजर केबिनमधून धावत बाहेर आला. मी स्कूटर सुरू करेपर्यंत काकांच्या बिलातलं हँडलिंग खोडलं गेलं होतं आणि पुतण्या डोक्यात हेल्मेट घालून आरशात बघत होता.