चाकू शे ना?

मेहुण्याने दिवाळीला लाल मुठीचा, बऱ्याच पात्यांचा घडीचा चाकू दिला, तेव्हा वाटलं, शेतात पेरू-बिरू खाताना कामी येईल. स्वित्झर्लंडच्या शिपायांना १८९१ साली असा घडीचा चाकू मिळाला, तो सीलबंद डबे उघडायला आणि रायफल खोलायला. आमच्या जळगावच्या घरात रायफल नाही, पण आई आहे.

तिने तो उघडून पाहिला, मिटला आणि म्हणाली, "भाजी चिरायला माझी विळी आहे. हा राहू दे तुझ्या खिशात." खिशात राहू दे म्हणजे कधीही हाक मारता येईल असा राहू दे, हे मला उशिरा कळलं.

सकाळी दुधाची पिशवी, मग गव्हाच्या कट्ट्याची शिवण. बरोबर टोकाचा एक टाका तोडला की अख्खा दोरा सर्रकन निघतो, आणि चुकीच्या टोकाला हात घातला की प्रत्येक टाक्याशी वेगळं भांडण. मी कायम चुकीच्या टोकाला असतो. बरणीचं झाकण हटून बसलं, तर स्क्रूड्रायव्हरसारखं बोथट पातं काठाखाली सारून जरा उचकायचं. आत हवा शिरून 'टक्' झालं की झाकण आपसूक फिरतं. या 'टक्'साठी शेजारच्या काकू पदराखाली बरण्या घेऊन येतात. पट्ट्याला नवीन भोकही यानेच पाडलं. कुठल्या बाजूला, ते विचारू नका.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला आणि भरदुपारी कूलरचा पंप बसला. नुसता घुरघुरत होता, पाणी काही चढेना. पंप उताणा करून (आई ओरडल्यावर आधी प्लग काढून) खालची जाळी उचकली. आतल्या चिमुकल्या पंख्याला कूलरच्या गवताच्या काड्यांनी वेढे घातलेले, आणि त्यावर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर, वाळलेल्या चुन्यासारखा. टोकाने एकेक काडी ओढली, थर खरवडला. घरचे चौघं घामाने निथळत माझ्यावर वाकून उभे. एकानेही वारा घातला नाही, सूचना मात्र सगळ्यांनी केल्या. पाणी चढलं, आणि दुसऱ्या दिवशी दारात गल्लीतले तीन पंप हजर.

"भो, तुना चाकू शे ना?" म्हणजे आमच्या अहिराणीत, भाऊ, तुझा चाकू आहे ना?

चाकूची चौकशी सगळे करतात. चाकूमागच्या माणसाचं जेवण झालं का, हे कुणी विचारत नाही.

थंडीत मित्राच्या शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजून झाली, लाकडी बडगीत मिरच्या-लसणाबरोबर ठेचूनही झाली, आणि लक्षात आलं की कांद्याची पात चिरायला सुरीच आणलेली नाही. वर्षभरात प्रथमच चाकूला चाकूचं काम मिळत होतं. मी सावकाश, सगळ्यांना दिसेल असं पातं उघडलं.

जाळापलीकडून बायको ओरडली, "अहो, थांबा! काल न्हाणीच्या जाळीतले केस त्यानेच काढले ना?"

पात सगळ्यांनी हातानेच तोडून खाल्ली. मित्र माझ्याकडे बघत म्हणाला, "भो, चाकू आणेल शे ना? मंग मोटरना स्टार्टर देखी ले."