‘ऐकाल तितके दुखणे वाढते’ : एका समजुतीचा प्रतिवाद

“बाईचे रडगाणे जितके ऐकाल तितके वाढते; काणाडोळा करा, काही दिवसांत आपोआप थांबते” अशा आशयाचा मजकूर पुष्कळांकडून पुढे पाठवला जात आहे. त्याला पुरवणी म्हणून सांगितले जाते की हा निव्वळ हार्मोन्सचा खेळ आहे, बोलण्यामागे लक्ष वेधून घेण्याची हौस असते आणि आत्महत्येविषयी विचारले तर नसलेला विचारही मनात येतो.

मूळ दावा पडताळून पाहता येतो, आणि तो पडताळलाही गेला आहे. प्रसूतीनंतर नैराश्य आलेल्या ५० स्त्रियांचा एक अभ्यास स्कॉटलंडमध्ये झाला व १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २६ जणींकडे, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा अशा आठ वेळा गेल्या. सल्ल्यांचा मारा न करता त्यांनी प्रामुख्याने ऐकून घेतले. तीन महिन्यांनी या गटातील १८ जणी पूर्ण बऱ्या झाल्या होत्या. नेहमीचीच देखभाल मिळालेल्या २४ जणींपैकी मात्र ९. अभ्यास लहान आहे हे मान्य, पण ऐकल्याने दुखणे वाढत असते तर आकडे उलटे यायला हवे होते. शिवाय समजूत कशी रुजते, तेही यात दिसते. दुसऱ्या गटातल्या ९ जणीही बऱ्या झाल्याच की! संदेश पुढे पाठवणाऱ्याला त्याच आठवतात. उरलेल्या १५ जणी त्याच्या हिशेबात येत नाहीत.

एक गोष्ट मात्र त्या मजकुराच्या बाजूने मांडायला हवी. एकच दुःख दोघींनी मिळून पुन्हा पुन्हा उगाळत राहणे हितावह नसते. २००२ मधील एका संशोधनात असे करणाऱ्या मुलींची मैत्री घट्ट, पण नैराश्याची लक्षणेही अधिक आढळली. तथापि उगाळणे आणि ऐकणे यांत अंतर आहे. ऐकणारा मध्येच “मग तू काय केलेस?”, “झोप लागते का?” असे विचारतो आणि बोलणाऱ्या व्यक्तीला पुढे सरकू देतो.

हार्मोन्सचे म्हणाल, तर प्रसूतीनंतर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतात, हे खरे. पण कारण शरीरात आहे म्हणून तक्रार खोटी कशी ठरते? इन्सुलिनही हार्मोनच आहे, आणि मधुमेह्याला कोणी ‘दुर्लक्ष करा’ असे सांगत नाही. थायरॉइड मंदावल्यानेही थकवा आणि उदासी येते. हा बिघाड रक्ततपासणीत सापडतो, परंतु तपासणीपर्यंत पोहोचायला ‘हल्ली उठवतच नाही’ हे वाक्य आधी कोणीतरी गांभीर्याने ऐकलेले असावे लागते.

लक्ष हवे असते, हा आरोप तर मान्यच करावा. तापाने फणफणलेल्या माणसालाही ते हवे असते.

शेवटचा दावा सर्वांत घातक आहे. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार बळावतो, असे संशोधनात आढळलेले नाही. प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ मध्ये तयार झालेल्या दहा प्रश्नांच्या एडिंबरा प्रश्नावलीत दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दलच आहे. त्याचे उत्तर ‘हो’ आले, तर नुसते ऐकून घेणे पुरत नाही. तिला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे लागते.