नोंदणी नाही म्हणजे लग्नच नाही?

गेल्या पंधरवड्यात माझ्याकडे आलेल्या तीन बायकांच्या मोबाइलमध्ये एकच फॉरवर्ड होता. थोडक्यात मजकूर असा : नोंदणी नसलेलं लग्न कायद्याने शून्य, घटस्फोटात बायकोला नवऱ्याचं अर्धं मिळतं, जॉइंट खात्यातले पैसे निम्मे-निम्मे, आणि दोघं राजी असतील तर नोटरीपुढे सोडचिठ्ठी लिहिली की मोकळे. चारही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि त्यांच्यावर विसंबून बायका हक्क सोडून देताहेत.

आधी नोंदणी. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 7 प्रमाणे लग्न होतं ते विधींनी. सप्तपदी असेल तिथे सातव्या पावलाला. नोंदणी राहिली म्हणून लग्न बाद होत नाही, हे कलम 8 मध्येच लिहिलंय. नोंदणी जरूर करा, ती भक्कम पुरावा आहे. पण उलट बाजूही बघा : 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विधीच झाले नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू लग्न होत नाही. "आपली नोंद नाही, तुला काही मिळणार नाही" असं घरात कोणी म्हणालं, तर लग्नाची पत्रिका, फोटो, भटजी आणि मांडवातली माणसं हे सगळं पुराव्यात येतं.

अर्ध्या हिश्शाची गोष्ट कुठून आली ते मला ठाऊक आहे. घटस्फोटात बायकोला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा देण्याची तरतूद असलेलं विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, पण त्यातही हिस्सा किती ते कोर्टच ठरवणार होतं. लोकसभेत ते झालंच नाही, बारगळलं. महाराष्ट्रात आज कोर्ट पोटगी ठरवतं, एकरकमीसुद्धा, पण दोघांचं उत्पन्न आणि गरज पाहून. आपोआप निम्मं होत नाही. गोव्यात गोष्ट वेगळी : तिथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मिळकत दोघांची सामाईक धरतात आणि घटस्फोटात ती निम्मी वाटली जाते. गोव्यातल्या चुलतबहिणीचा अनुभव सांगलीत लागू होत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान जॉइंट खात्यापायी होतं. पासबुकवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असतं, म्हणजे दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकतं. ती बँकेसाठीची सूचना आहे, मालकीचा दाखला नव्हे. पैसा कोणाचा, हे कोणी भरला त्यावरून ठरतं. माझ्याकडे आलेली एक बाई शिवणकामाचे आणि भिशीचे पैसे आठ वर्षं याच खात्यात भरत होती. भरलेल्या स्लिपा तिने साडीच्या खोक्यात जपल्या होत्या, मागे पेन्सिलीने "भिशी", "फॉल-पिको" लिहिलेलं. फॉरवर्ड वाचून ती निर्धास्त होती की निम्मे तर आपलेच. एका दुपारी नवऱ्याने खातं रिकामं केलं. आता त्या पेन्सिलीच्या खुणांवरच आमचा दावा उभा आहे. कुटुंब न्यायालय नवरा-बायकोतला असा पैशाचा वादही ऐकतं. भांडण दिसू लागताच बँकेला लेखी कळवलं, की यापुढे दोघांच्या सह्यांशिवाय पैसे देऊ नका, तर बँक सहसा व्यवहार थांबवते.

दागिन्यांचं त्याहून साधं आहे. माहेरून-सासरहून तिला मिळालेलं ते स्त्रीधन, त्यावर तिचाच हक्क. 1985 पासून सर्वोच्च न्यायालय हेच सांगतंय.

राहिली नोटरी. काही समाजांत काडीमोडीची रूढी आहे आणि हिंदू विवाह कायद्याचं कलम 29 ती मानतं, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. नसेल तर तो स्टॅम्पपेपर म्हणजे नुसता कागद. त्याच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते लग्न शून्य, वर फौजदारी गुन्हा. दोघं खरंच राजी असतील तर कलम 13-ब आहे : वर्षभर वेगळं राहिलेलं असावं, मग अर्ज, त्यानंतर सहा महिन्यांची मुदत. योग्य प्रकरणात ही मुदत कोर्ट माफ करू शकतं, हे 2017 मध्येच स्पष्ट झालंय.