म्हणे, रणगाडा!

गेल्या आठवड्यात सांगलीहून दादाने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. मथळा ‘जुन्या अमेरिकन गाड्या : तुमच्यापासून लपवलेलं सत्य’. असली सत्यं मी न वाचताच पुढे सरकवतो. पण शनिवारी पुतण्या इथे मिशिगनला माझ्या गॅरेजात आला. मी माझ्या १९६६च्या शेव्हेलमध्ये, म्हणजे शेव्हरले कंपनीच्या जुन्या गाडीत, नवे सीटबेल्ट बसवत होतो. ते बघून म्हणतो, “काका, याला बेल्ट कशाला? हा तर रणगाडा आहे!” आणि तोच फॉरवर्ड माझ्या नाकासमोर धरला. आता मात्र उत्तर द्यायलाच हवं.

दावा पहिला : जुन्या गाडीचा पत्रा जाड, म्हणून धडक झाली तर आजची ‘प्लास्टिकची’ गाडी चुरा होते आणि जुनीतला माणूस वाचतो.

हे फक्त ऐकीव असतं तर वाद घालता आला असता. पण याची परीक्षा होऊन गेली आहे. अमेरिकेतली विमा कंपन्यांची महामार्ग-सुरक्षा संस्था, आयआयएचएस, हिला २००९ साली पन्नास वर्षं झाली. त्यानिमित्त तिने १९५९ची शेव्हरले बेल एअर आणि २००९ची शेव्हरले मालिबू समोरासमोर, अर्ध्या अंगाने एकमेकींवर घातल्या. वेग दोघींचा ताशी ६४ किलोमीटर. व्हिडिओ सगळ्यांना बघायला उपलब्ध आहे, दादा, एकदा बघच. मालिबूचं नाक चेपतं, पण बसायची जागा जशीच्या तशी राहते, आत चालकाच्या जागी बसवलेल्या चाचणीच्या पुतळ्याच्या पायाला किरकोळ इजा. बेल एअरमध्ये काचेजवळचा खांब दुमडतो, डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग पुतळ्याच्या अंगावर येतात. तिथे माणूस असता तर जागीच गेला असता.

यावर फॉरवर्डवाल्यांचं उत्तर तयार असतं : त्या बेल एअरमधून इंजिन काढून ठेवलं होतं! नव्हतं काढलं. ३.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन जागेवर होतं, संस्थेने ते स्पष्ट सांगितलंय. एक गोष्ट कबूल करतो. त्या काळच्या मोठ्या शेव्हरलेंची चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, इंग्रजी एक्सच्या आकाराची असायची, कडेने आधार नसायचा, आणि अशा अर्धवट धडकेत ती उघडी पडते. माझ्या शेव्हेलची चेसिस तशी नाही. म्हणून मी निर्धास्त व्हायचं का? स्टिअरिंगचा दांडा बघा ना. दाबला की मिटणारा दांडा शेव्हरलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने १९६७पासून बसवायला सुरुवात केली. माझ्या गाडीत तो अख्खा आहे, चालकाच्या छातीकडे रोखलेल्या भाल्यासारखा. पत्रा जाड असला म्हणजे धडकेचा जोर कुठे हवेत विरत नाही. गाडीने तो चेपून घेतला नाही तर आतल्या बरगड्या घेतात.

दावा दुसरा : १९७२ साली सरकारने एका रात्रीत इंजिनांची ताकद निम्मी केली.

बाजार समितीत माल तोलताना बघितलेल्या कुणालाही हे पटकन कळेल. १९७१पर्यंत कंपन्या बारदानासकट वजन सांगत होत्या, १९७२पासून निव्वळ. आधी इंजिन स्टँडवर चढवून, पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर काहीही न लावता मोजायचे. नंतर हे सगळं लावून मोजायला लागले. १९७१ साली जनरल मोटर्सने दोन्ही आकडे छापले. शेव्हरलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाडीचं साधं ३५० घनइंचाचं इंजिन : जुन्या मोजणीने २७० हॉर्सपॉवर, नव्या मोजणीने २१०. १९७२ साली छापले २००. म्हणजे कागदावर ७० गेले, गाडीतले गेले १०. पुढे ताकद खरोखर घसरली हे खरं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरवलं गेलं, प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, आणि १९७५च्या साध्या कॉर्व्हेटवर १६५चा आकडा आला. पण ती रोज थोडी थोडी झिज आहे, एका रात्रीतला दरोडा नव्हे.

दावा तिसरा : शिसं नसलेल्या पेट्रोलने जुनं इंजिन मरतं, म्हणून ‘कुठूनतरी’ शिसं मिळवून टाकीत घाला.

हे वाचून मात्र डोकं फिरलं. पेट्रोलमध्ये घालायचं ते शिसं, टेट्राएथिल लेड, कातडीतूनही अंगात जातं. १९२४ साली न्यू जर्सीच्या कारखान्यात ते बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा काय परिणाम होतो हे सांगायला नको. भारतात ते पेट्रोलमधून २००० साली गेलं आणि गेलं ते बरंच झालं. एवढंच खरं की जुन्या इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या झाकणात, धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मऊ बिडाच्या सीटवर बसतो, आणि इंजिन सतत जोरात ताणलं तर ती सीट झिजते. त्याचा इलाज शिसं नाही. हेड उतरवून मशीन शॉपमध्ये कडक सीट ठोकून घ्यायच्या. माझ्या २८३ घनइंचाच्या इंजिनाच्या घेतल्या. एकदाचं काम.

दावा चौथा : आजकालचं ऑइल जुना कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, खातं. यात, नाइलाजाने म्हणतो, तथ्य आहे. जस्त-फॉस्फरसचं प्रमाण नव्या ऑइलमध्ये कमी केलंय आणि ज्या कॅमवर सपाट टॅपेट घासत चालतात त्याला ते लागतं. पण जुन्या इंजिनांसाठी वेगळं ऑइल डब्यात मिळतं. डबा वाचा.

राहिला पाचवा : नवे ब्रेक बसवले की गाडीची ‘किंमत शून्य’. माझ्या गाडीत पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर एकेरी होता, चारही चाकांना मिळून एकच सर्किट. दोन वर्षांपूर्वी मागच्या चाकाचा सिलिंडर गळला आणि सिग्नलला पेडल थेट जमिनीला टेकलं. पार्किंग ब्रेक पायाने दाबत दाबत कशीबशी कडेला घेतली. आता दुहेरी सिलिंडर आहे, आणि मूळचा एका पिशवीत, चिठ्ठी लावून, फळीवर ठेवलाय. दादा येशील तेव्हा घेऊन जा.