ड्रायव्हर एक म्हणून डिस्क एक होत नाही

लग्नसराई जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या फोटोग्राफर आणि कॉम्प्युटरवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा गोषवारा असा: पेनड्राइव्ह, हार्ड डिस्क, एसएसडी, मेमरी कार्ड या सगळ्यांना कॉम्प्युटर एकाच इंटरफेसने (बोलायच्या ठरलेल्या पद्धतीने) चालवतो, म्हणजे आत सगळं सारखंच, जादा पैसे फक्त नावाचे. कॉम्प्युटर दाखवतो तेवढी जागा असतेच. ‘सेफली रिमूव्ह’ आता लागत नाही. कुठलाही पेनड्राइव्ह कुठल्याही मशीनला चालतो. आणि फोन म्हणजे मोठा पेनड्राइव्हच. शेवटी ‘दुकानदार हे तुम्हाला सांगणार नाहीत’ अशी फोडणी. मी दुकानदारच आहे, तेव्हा सांगतो.

‘एकच इंटरफेस’ हे खरं आहे, आणि मेसेजचं सगळं बळ त्यातच आहे. विंडोज ९८ वर पेनड्राइव्ह लावायचा तर त्याच्यासोबतची ड्रायव्हरची, म्हणजे तो चालवणाऱ्या प्रोग्रामची, सीडी शोधावी लागे. विंडोज २००० आणि मिलेनियमपासून ती कटकट गेली, कारण यूएसबीवर साठवणुकीच्या साधनांसाठी एक सामायिक पद्धत ठरली. कॉम्प्युटर ३१ बाइटचं एक पाकीट पाठवतो, त्यात आज्ञा असते, आणि काम झालं की साधनाकडून १३ बाइटची पोच येते. आतल्या आज्ञा तर त्याहून जुन्या, १९८६ साली मानक म्हणून ठरलेल्या स्कझी (SCSI) या डिस्क जोडायच्या पद्धतीतल्या. तू कोण? तुझ्याकडे ब्लॉक, म्हणजे डेटाचे ठरावीक मापाचे कप्पे, किती? अमक्या ब्लॉकपासून इतके वाचून दे. इतके लिहून घे. रोजचं काम एवढ्यावर भागतं.

‘तू कोण’ला साधन आपला प्रकार आकड्यात सांगतं: डिस्क असेल तर ०, टेप असेल तर १, सीडी-डीव्हीडी असेल तर ५. सोबत आठ अक्षरांत कंपनीचं नाव, सोळा अक्षरांत मॉडेल. आता गंमत बघा. फिरणारी हार्ड डिस्क ० म्हणते आणि हातगाडीवरचा पेनड्राइव्हही ० च म्हणतो. आत एकीकडे तबकड्या आणि त्यांच्यावरून सरकणारं हेड, दुसरीकडे फ्लॅश चिप, जिथे एक अक्षर बदलायचं तरी आधी अख्खा गठ्ठा पुसलेला लागतो आणि कुठला ब्लॉक खरा कुठे ठेवलाय याचा हिशेब आतला कंट्रोलर (सगळा कारभार बघणारी चिप) परस्पर ठेवतो. तो हिशेब कसा ठेवतो, झिजलेले भाग कसे टाळतो, सुरुवातीचा वेगवान भाग भरल्यावर वेग किती पडतो, यातलं काहीही त्या इंटरफेसमधून दिसत नाही. पैसे मोजतो ते त्याचेच. आपल्याकडे शेताच्या उताऱ्याचा नमुना सगळ्यांना एकच असतो, म्हणून काळं रान आणि मुरमाड माळ एकाच दराने कोण घेतं का?

डिस्कच्या बाहेरच्या डबीचंही तसंच. आतली साटा डिस्क (कॉम्प्युटरच्या आत बसते तीच) वेगळ्या आज्ञा जाणते, डबीतली चिप मध्ये बसून दुभाषाचं काम करते. डिस्कची तब्येत सांगणारा अहवाल काही डब्या पुढे जाऊ देतात, काही देत नाहीत. प्रोग्राम काहीच दाखवत नाही म्हणून डिस्क ठणठणीत आहे, असं समजू नका.

खरं नुकसान करतो तो दुसरा मुद्दा, ‘दाखवतो तेवढी जागा असतेच’. खानापूरकडचा एक व्हिडिओवाला पोरगा दोन टीबीचा पेनड्राइव्ह घेऊन आला होता, ऑनलाइन कवडीमोलात घेतलेला. “दादा, दोन टीबी दाखवतंय की हो, बघा की प्रॉपर्टीजमध्ये!” दाखवत होतं, खरंच. फोल्डर सगळे जागच्या जागी: साखरपुडा, हळद, अक्षता, वरात. प्रत्येक फाइलचा आकार बरोबर. साखरपुडा चालला, हळद अर्ध्यापर्यंत चालली, पुढची एकही फाइल उघडेना.

‘तुझ्याकडे ब्लॉक किती’ याचं उत्तर साधन स्वतःच देतं. शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक आणि ब्लॉकचा आकार, दोनच आकडे. कॉम्प्युटर ते पडताळून बघत नाही, बघायची सोयही त्या आज्ञेत नाही. बनावट मालात कंट्रोलरला खोटा आकडा पढवलेला असतो, चिप खरी ३२ किंवा ६४ जीबीची. त्यापुढे लिहिलेलं एक तर हवेत जातं, नाहीतर फिरून आधीच्याच डेटावर बसतं. पोच मात्र दर वेळी ‘झालं’ अशीच. फाइलींची नावं आणि आकार ज्या तक्त्यात असतात तो सुरुवातीच्या, खऱ्या जागेत असतो, म्हणून यादी शाबूत दिसते. त्या पोराला मी रिकव्हरी करून देतो म्हणून पैसे घेतले असते तर ती फसवणूक झाली असती. जे लिहिलंच गेलं नाही ते परत कुठून आणणार?

तपासायचा मार्ग एकच: पूर्ण भरायचा, काढून पुन्हा लावायचा आणि सगळं परत वाचून जुळवायचं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्स-मॅकवर एफथ्री, दोन्ही फुकट. वेळ लागतो. यूएसबी २.० वर सेकंदाला ३० एमबी धरले तर एक टीबी नुसता लिहायला नऊ तासांच्या वर जातात. रात्री लावून झोपा. आणि एक टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबी दाखवतं म्हणून भांडायला येऊ नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. त्यात लबाडी नाही.

‘सेफली रिमूव्ह लागत नाही’ हे अर्धवट ऐकलेलं आहे. २०१८ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीत बाहेरून लावलेल्या साधनांसाठी ‘क्विक रिमूव्हल’ ही मूळ सेटिंग झाली. म्हणजे विंडोज लिहायचा डेटा आपल्याकडे अडवून ठेवत नाही. कॉपी चालू असताना उपसा, असा त्याचा अर्थ नाही. एडिटिंगचा प्रोजेक्ट उघडा असेल, कोणी सेटिंग बदललेली असेल, तर धोका आहे तसाच. लिनक्सवर तर कॉपीची पट्टी पूर्ण भरलेली दिसते आणि डेटा अजून रॅममध्येच असतो. शिवाय फिरत्या डिस्कला ‘सेफली रिमूव्ह’ने हेड बाजूला घेऊन थांबायला सवड मिळते. वायर ओढली की तेच काम तिला घाईत, उरल्यासुरल्या जोरावर उरकावं लागतं.

‘कुठलाही पेनड्राइव्ह कुठल्याही मशीनला’ म्हणणाऱ्याने बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, एक चक्कर मारावी. इंटरफेस फक्त ब्लॉक आणून देतो. त्या ब्लॉकांवर फाइली कशा मांडल्यात हे मशीनला कळावं लागतं. या मांडणीच्या पद्धती वेगवेगळ्या: फॅट, एनटीएफएस, एक्सफॅट. जुन्या सीएनसीच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटाईच्या मशीनच्या) कंट्रोलला फॅट कळतं, बाकीच्या दोन बहुधा नाहीत. आणि काही मशीनवर फ्लॉपीच्या जागी बसवलेला एम्युलेटर, म्हणजे फ्लॉपीचं सोंग घेणारी डबी, असतो: मशीनला वाटतं समोर १.४४ एमबीची फ्लॉपी आहे, पेनड्राइव्हवर मात्र अशा फ्लॉप्यांच्या क्रमांक दिलेल्या प्रती ओळीने ठेवलेल्या. तो पेनड्राइव्ह ऑफिसातल्या विंडोजला लावला की पहिलीच दिसते. मग कोणीतरी ‘जागा कमी दाखवतंय’ म्हणून फॉरमॅट मारतो, आणि शिफ्टवरचे सगळे प्रोग्राम जातात. मोठा व्हिडिओ कॉपी होत नाही म्हणून पेनड्राइव्ह ‘खराब’ ठरवणाऱ्यांचंही असंच. फॅट३२ मध्ये चार जीबीची फाइल बसत नाही, एक्सफॅट करा, संपलं.

राहिला फोन. अँड्रॉइड फोन पूर्वी पेनड्राइव्हसारखे लागत. तेव्हा कॉम्प्युटरला जोडलेलं असेपर्यंत फोनला स्वतःचीच ती जागा वापरता येत नसे. ३.० आणि ४.० आवृत्त्यांपासून, म्हणजे २०११ च्या सुमारास, ते एमटीपी या दुसऱ्या पद्धतीवर गेले. त्यात कॉम्प्युटर ब्लॉक मागतच नाही, फाइल मागतो, आणि कुठली द्यायची ते फोन ठरवतो. म्हणून फोनमधला उडालेला व्हिडिओ केबल लावून, पेनड्राइव्हवर चालणाऱ्या रिकव्हरी प्रोग्रामने शोधता येत नाही. त्याला हवे असलेले ब्लॉक फोन देतच नाही. शूटिंग मेमरी कार्डवर केलं असेल तर कार्ड लगेच काढा, त्यावर नवीन काही घेऊ नका, आणि कार्ड रीडरमध्ये घालून आणा. फोनच्या आतल्या मेमरीत असेल तर आधी गॅलरीतला ट्रॅश बघा.