घोडनवरीचे आढेवेढे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मनापासून वाचून लिहिलंत, आभार. तुमचा मुख्य आक्षेप असा: माझ्या कथेतली नायिका म्हणजे १८१६ सालच्या इंग्लंडमधली बत्तीस वर्षांची घोडनवरी, तिला दोन मुलींचा बिजवर मागणी घालतोय, तर ती हुरळून जाईल, कागदपत्रांवर अडून बसणं म्हणजे आजच्या बाईचे विचार तिच्या तोंडी घालणं. शिवाय मुलींची मावशी घरातच असताना त्याने बाहेरची बाई का शोधावी?

नायिका कंगाल असती, तर पहिला आक्षेप मी निमूट मान्य केला असता. भावाच्या घरी आश्रित राहणारी बाई फार आढेवेढे घेत नाही. पण हिचे ४,००० पौंड ५ टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत आहेत, म्हणजे वर्षाला २०० पौंड व्याज. एक मोलकरीण ठेवून लहानसं घर त्यात चालतं. लग्न होत नाही तोवर ती या पैशाची मालकीण, मृत्युपत्रही तिचं ती करू शकते. लग्न लागलं की ते मृत्युपत्र आपोआप रद्द, आणि रोखे स्वतःच्या नावावर करून घ्यायला नवरा मोकळा. (त्याचं मृत्युपत्र मात्र नुसत्या लग्नाने रद्द होत नसे, त्यानंतर मूलही व्हावं लागे!) यावर उपाय म्हणजे लग्नाआधीच करारपत्र करून रक्कम विश्वस्तांकडे सोपवायची आणि व्याज फक्त तिच्यासाठी राखायचं. लग्नानंतर सगळा नवऱ्याच्या मर्जीचा मामला.

बिजवराच्या बाबतीत आणखी एक मेख असते, ती म्हणजे पहिल्या लग्नाचा करार. आपल्या नायकाच्या इस्टेटीवर मुलींच्या हिश्शांचा बोजा आधीच चढलाय, आणि निम्मी जमीन पहिल्या बायकोची आहे. तिला जिवंत मूल झालेलं असल्यामुळे त्या जमिनीचं उत्पन्न त्याला हयातभर मिळेल. तो गेला की जमीन थेट तिच्या मुलींची, दुसरीला त्यातला छदामही नाही. चौथ्या भागात नायिका एवढंच विचारते, "माझं जॉइंचर कुठल्या जमिनीवर?" (जॉइंचर म्हणजे विधवेला मिळणारी वार्षिक रक्कम.) तो गप्प होतो. प्रेम आटलं म्हणून नव्हे, तिच्या नावे बांधून द्यायला मोकळी जमीनच त्याच्याकडे नाही.

तरी ती खरी अडते ती मुलींवरून. सावत्र आईला कायद्याने मुलांवर काडीचा हक्क नव्हता. १६६० च्या कायद्यानुसार बाप आपल्या २१ वर्षांखालच्या अविवाहित मुलांसाठी मृत्युपत्रात पालक नेमू शकत असे, आणि याने पहिल्या बायकोच्या भावाचं नाव लिहून ठेवलंय. उद्या हा गेला तर हिने वाढवलेल्या मुलींना मामा घेऊन जाणार. "तिथे माझं नाव घाला," ही तिची मागणी मला तरी कुठल्याही प्रेमपत्रापेक्षा रोमँटिक वाटते.

मावशीचं म्हणाल, तर आपल्याकडे बायको गेल्यावर मेव्हणीशी लग्न लावून देतात, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. इंग्लंडच्या चर्चला मात्र तेव्हा ते नातं निषिद्ध होतं. १८३५ पर्यंत असं लग्न मुळातच बाद ठरत नसे, पण नवरा-बायको दोघंही हयात असेतो धर्मन्यायालयात जाऊन ते रद्द करवता येई, आणि मग मुलं अनौरस. तरी लोक करत. कादंबरीकार जेन ऑस्टेनचा धाकटा भाऊ चार्ल्स याने १८२० मध्ये मेव्हणीशीच लग्न केलं. आपल्या नायकाला मात्र मुलगा नाही आणि त्याची इस्टेट पुरुष वारसाकडेच जाणार. मेव्हणीपासून मुलगा झाला आणि तो अनौरस ठरवता आला, तर इस्टेट चुलतभावाची. तिसऱ्या भागात येऊन बसलेला चुलतभाऊ नुसता चहा प्यायला आलेला नाही.

वयाबद्दल वाद नको. चार्ल्सचाच भाऊ फ्रान्सिस, अकरा मुलांचा बाप, त्याने १८२८ मध्ये दुसरं लग्न केलं ते मार्था लॉइडशी. तिचं ते पहिलंच, आणि वय ६२.

लग्न संध्याकाळी, मेणबत्त्यांच्या उजेडात दाखवा ही सूचना मात्र घेता येत नाही. तेव्हा चर्चमधली लग्नाची वेळ सकाळी ८ ते १२ होती. ती टाळायची तर कँटरबरीच्या आर्चबिशपचा विशेष परवाना लागे, आणि तो खेड्यातल्या एका साध्या जमीनदाराला कशाला मिळेल?