वायरिंग धुवायची शास्त्रशुद्ध पद्धत (गाडी परत चालवायची नसेल तर)

सगळ्यात आधी अभिनंदन. यामाहाची आरएक्स हंड्रेड, जुनी टू-स्ट्रोक बाइक, घेतलीत, १९८५ ते १९९६ मधल्या कुठल्यातरी सालची, आरसी बुकावर मालकांची रांग, फ्रेमला पावडर कोटिंग झालं, टाकीला चेरी रेड झाला, क्रोमवाल्याने मागितले तेवढे पैसे न बोलता दिलेत, बुधवार-रविवार पुण्याचा जुना बाजार पालथा घालून ओरिजिनल साइड पॅनल मिळवलंत. आता बजेट संपलंय आणि रविवारी रील टाकायची आहे. फक्त कोपऱ्यात गोणपाटावर तो काळा चिकट गुंता पडलाय, ज्यात तीस वर्षांचं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर जळणारं ऑइल), चिखल आणि मागच्या प्रत्येक मिस्त्रीने गुंडाळलेली टेप आहे. तेच वायरिंग. घाबरू नका, एका संध्याकाळीत होतं.

गाडी खोलताना फोटो काढले होते का? नाही ना, छान. फोटो काढणं, वायरला चिठ्ठ्या चिकटवणं ही ज्यांना स्वतःच्या स्मरणशक्तीवर भरवसा नाही त्यांची कामं. आपण यामाहाचे जुने भक्त, आपल्याला रंग पाठ आहेत.

आता धुणं. काही भित्रे लोक कोमट पाण्यात भांड्यांचा साबण टाकून, जुन्या ब्रशने हळूहळू घासून, कप्लरची (वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या प्लगांची) तोंडं खाली करून दोन-तीन दिवस सावलीत वाळवतात. दोन-तीन दिवस! एवढ्यात माणूस स्टिकर लावून मोकळा होतो. तुम्ही सरळ पेट्रोलच्या बादलीत बुडवा. काळपट थर झटक्यात सुटतो, बघून समाधान वाटतं. वायरवरचं पीव्हीसी मऊ राहावं म्हणून कंपनीने त्यात जे घातलेलं असतं तेही पेट्रोल ओढून घेतं, मग काही दिवसांनी वायर कडक होते आणि वाकवली की तडकते, पण ते नंतर. रीलमध्ये कडकपणा दिसत नाही. (बादलीशेजारी सिगारेट ओढू नका हे मात्र खरंच सांगतोय, इथे उपरोध नाही.)

पेट्रोलने निघाला नाही तो टेपचा गम थिनरने काढा. थिनर उत्तम, गमही जातो, वायरवरची रंगीत पट्टीही जाते आणि खालचं प्लास्टिकसुद्धा जरा चिकट होतं. मग मजा सुरू होते. यामाहात ब्राऊन वायर म्हणजे किल्लीनंतरचा मेन प्लस आणि चॉकलेटी म्हणजे डावा इंडिकेटर, ते दोन नव्या वायरिंगमध्येसुद्धा उजेडात धरून बघावे लागतात, तुमच्याकडे तर आता एकच रंग उरलाय, साधारण चहाचा. त्यात जोडणीला जर आयुष्यभर हिरो होंडा केलेला मिस्त्री बोलावलात तर सोन्याहून पिवळं, कारण होंडात हिरवी वायर अर्थ असते आणि यामाहात अर्थ काळी, हिरवी म्हणजे हेडलाइटचा डिपर, लो बीम. तो सवयीने हिरवी उचलून बॉडीला देणार, तुम्ही मान डोलवणार, आणि मग डिपर का लागत नाही यावर तुम्ही दोघं मिळून बल्ब बदलणार, होल्डर बदलणार, शेवटी स्विच बदलणार.

कोणी सांगेल की जाळीच्या पिशवीत घालून वॉशिंग मशीनला लाव. लावा की. घरची मंडळी लग्नाला गेलेली असताना लावा. स्पिन फास्ट ठेवा, म्हणजे थिंबलच्या (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडाच्या) मानेपाशी जे काही तांब्याचे केस धरून होते तेही सुटतील.

पिना हिरव्या पडल्या असतील तर घरात देवाची भांडी घासायची पावडर असतेच, नाहीतर चिंच, नाहीतर लिंबू-मीठ. पितळ काय चमकतं! अॅसिडने वरचा हिरवा थर जातो हे खरं. मग त्या पिना सोड्याच्या पाण्यात बुचकळा, साध्या पाण्याने चारदा धुवा, वाळवा, असलं काही करत बसू नका. मिठाचं पाणी वायरच्या प्लास्टिकच्या आत तांब्याच्या तारांमधून वरवर चढत जातं आणि आतल्या आत निवांत काम करत राहतं. पुढच्या पावसाळ्यात प्लास्टिक सोललंत की आत काळी पूड निघेल. तिला सोल्डर धरत नाही, कापत कापत मागे जावं लागतं, चांगलं तांबं लागेपर्यंत. कधीकधी ते लागतच नाही. पिना पॉलिश पेपरने घासा असंही सुचवतो, कथिलाचा जो पातळ मुलामा तीस वर्षं टिकला तो तुमच्या हातून एका मिनिटात जाईल.

आणि पिना चमकल्या की बास, बुलेट कनेक्टरची (गोळीच्या आकाराच्या जोडाची) मादी बाजू सैल झालीय का, पकडीने हलकं दाबून घ्यावं का, सडलेला थिंबल कापून नवा क्रिंप करावा का, असल्या भानगडीत पडूच नका. सगळा फॉल्ट तिथेच असतो म्हणतात. पण तिथे फोटो काय काढणार?

तपासायचं कसं? मल्टिमीटर बीपवर ठेवा. पीं वाजलं, वायर पास. मीटर चिमूटभर करंट सोडतो, तारेतला एक केस जरी शाबूत असला तरी तो वाजतो, त्यामुळे हा निकाल कायम शंभर टक्के लागतो. लोड टाकून, म्हणजे बल्ब पेटवून, वाटेत किती व्होल्टेज पडतं ते बघणारे लोक उगाच मूड घालवतात. ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ३ अँपिअर घेतो, वाटेत सगळे जॉइंट मिळून नुसता अर्धा ओहम अडथळा जरी असला तरी दीड व्होल्ट तिथेच गेला, आणि साध्या बल्बला दीड व्होल्ट कमी मिळाला की उजेड जवळपास एक तृतीयांश कमी होतो. आता हे कळून काय करणार? ताम्हिणी घाटात संध्याकाळी धुकं असतंच, धुक्याला दोष द्या. किंवा जास्त वॅटचा बल्ब टाका, म्हणजे त्याच सडक्या कप्लरमधून आणखी करंट जाईल आणि कप्लर वितळून एकजीव होईल. एकजीव झालेला कप्लर कधी सैल होत नाही, हाही फायदा.

अर्थिंगबद्दल तर बोलायलाच नको. पावडर कोटिंगवर खर्च केलाय, तो बोल्टच्या खाली खरवडायचा? वेड लागलंय का? थिंबल त्या चकचकीत थरावरच कसा. पावडर कोटिंगमधून वीज अजिबात जात नाही, पण वीज हुशार असते, ती स्वतःचा रस्ता शोधते, दुसऱ्या बल्बमधून, जिथून मिळेल तिथून. मग ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की टेललाइट लुकलुकतो, आणि हॉर्न घसा बसल्यासारखा बोलतो. इंजिन मात्र सुरू होतं, कारण आरएक्सच्या सीडीआयला (ठिणगी पाडणाऱ्या डबीला) बॅटरीची फारशी पर्वा नसते, त्यामुळे छातीठोक सांगता येतं की गाडी टकाटक आहे.

गुंडाळायला दहा रुपयांची काळी टेप घ्या, चांगली ताणून, गच्च. ओरिजिनलला बिनचिकट टेप आणि स्लीव्ह होती, त्यात वायर सरकायच्या, इंजिनच्या गरमीने गम वितळून हाताला लागायचा प्रश्न नव्हता. ती कुठे शोधत बसणार. हँडलच्या मानेपाशी जास्त गच्च गुंडाळा आणि हँडल सरळ धरूनच केबल टाय मारा. मग हँडल डावीकडे वळवलं की हेडलाइट जातो. उजवीकडे वळवलं की येतो. जॉइंट सगळे सोल्डर करा, भरपूर, गोळे दिसले पाहिजेत. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते, आणि टू-स्ट्रोकच्या थरथरीत बरोब्बर तिथेच तुटते.

फ्यूज वारंवार उडत असेल तर समजा फ्यूजच खराब आहे. सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी लावा. ती उडत नाही. तिच्याऐवजी वायरिंग उडतं.

एवढं करूनही गाडी उभी राहिली तर विकायला काढा, "फुल्ली रिस्टोर्ड, वायरिंग ए टू झेड क्लीन केलेलं, एकही रुपया खर्च नाही" असं बिनधास्त लिहा. टेस्ट राइड दुपारी बारालाच द्या, पाऊस नसताना, आणि रस्ता असा निवडा की जाताना-येताना फक्त उजवीकडे वळावं लागेल. गिऱ्हाईक डिपर मारून बघायला लागला तर चहा मागवा.